खंडेनवमीला अडवलेला टेम्पो

आमच्या शाळेतले संगणक कशासाठी वापरत होते, असं कुणी मला विचारलं तर खरं उत्तर एकच: पूजेसाठी. वर्षभर ते लाल कापडाखाली झाकलेले असत. खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. तपासणीला साहेब आले की कापड निघायचं, नाहीतर खंडेनवमीला. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष स्वतः यायचे, प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकवाचं बोट लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि दारात नारळ फोडायचे. एका वर्षी दारात गर्दी झाली म्हणून त्यांनी आतच टेबलाच्या कडेवर नारळ आपटला आणि पाणी थेट कीबोर्डमध्ये गेलं. "देवानं घेतलं," असं मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले. कीबोर्ड कायमचा गेला, पण त्याला कुणी हातच लावत नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

मी या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माहेर माजलगावचं, सासर नांदूरघाटच्या बाजूचं, आणि शाळा त्याच पट्ट्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही.

संगणक हा विषयही मग माझ्याच गळ्यात पडला. नववीच्या मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या तर पानापानावर माउसची सुबक चित्रं. भागांना नावं दिलेली, बाण काढलेले, काहींनी तर रंगही भरलेला. माउसला बटणं किती, हे सगळ्यांना पाठ. माउस मात्र एकीच्याही हातात कुणी दिलेला नव्हता. पोहणं फळ्यावर शिकवावं तसला हा प्रकार. मला इतका संताप आला की मी तशीच उठले, मुख्याध्यापकांकडून किल्ली घेतली आणि त्या लेस लावलेल्या कापडाची घडी करून कपाटावर फेकली.

यंत्रं चालू झाली, पण चालली नाहीत. एक सुरू व्हायला मधली सुट्टी संपायची. पडद्यावर कसल्या कसल्या सूचना यायच्या, की अमुक खोटं आहे, तमुक विकत घ्या. यावर इलाज एकच ठरलेला होता. तालुक्याला, केजला, अध्यक्षांच्या पुतण्याचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याला बोलवायचं, तो मोटरसायकलवरून यायचा, खिशातून पेननं काहीतरी लिहिलेली एक सीडी काढायचा आणि 'विंडोज मारून' द्यायचा. त्या एकाच सीडीवरून अख्ख्या तालुक्याला त्यानं विंडोज मारलेली असावी. कुणाची परवानगी, कुणाचा परवाना, सगळं रामभरोसे. जाताना मात्र शिक्क्याचं बिल द्यायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं 'ओरिजनल'.

हे दर दोन-तीन महिन्यांनी. आणि दर वेळी यंत्रातलं सगळं पुसलं जायचं. मी एकदा दोन रविवार बसून वर्षभराच्या प्रश्नपत्रिका मराठीत टाइप केल्या होत्या. तो येऊन गेला आणि पाटी कोरी. मी फोन केला तर म्हणाला, "म्याडम, फॉरमॅट केल्यावर जातंच की ते. तुमी कावून त्याच्यात ठेवलं?" म्हणजे तिजोरीत दागिने ठेवले ही माझीच चूक.

लिंबागणेशच्या बाजूला माझी एक जुनी मैत्रीण शिकवते. तिच्या शाळेत आमच्याहून जुनी यंत्रं, आणि ती पळत होती. मी विचारलं, हे कशावर चालतं? तिनं विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचं नाव सांगितलं आणि एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "ने. शाळेत टाक, घरी टाक. आणिक कुणी मागितलं तर त्याला बी दे." मी म्हटलं, अगं, चालतं का असं? तर ती हसली. म्हणाली, "ज्यांनी केलंय त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. वापरा, वाटा, उघडून बघा, पायजे तर बदला." शेजारणीकडून विरजण आणावं तसा तो पेनड्राइव्ह मी पदराच्या गाठीला बांधूनच आणला, म्हटलं तरी चालेल.

यंत्रांवर ते लिनक्स मी टाकलं नाही, मुलींनी टाकलं. हे मी मुद्दाम केलं. मला भीती वाटत होती आणि मुलींना वाटत नव्हती, एवढं साधं कारण. पहिल्या यंत्रावर काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पडदा काळा तो काळाच. मुख्याध्यापक दारातून डोकावून "झालं कल्याण" म्हणून गेले. मुलींनी पुन्हा सुरुवात केली. कुठली भाषा, असं यंत्रानं विचारलं तेव्हा ऊस तोडायला टोळीबरोबर जाणाऱ्या घरातली एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, पटकन म्हणाली, "मॅडम, मराठी हाय की इथं." तिनंच ते निवडलं. दिवाळीआधी सगळी यंत्रं चालू झाली. त्या मुलींनी त्या खोलीत हिशोबाचे तक्ते केले, शाळेची भित्तीपत्रिका केली, कोनाचे प्रकार रंगवले. शनिवारी सकाळची शाळा सुटली तरी त्या घरी जायला तयार नसत. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'मॅडम, अजून थोडं थांबू का' हे वाक्य गणिताच्या तासाला मी एकदाही ऐकलेलं नाही, हे मी मोकळेपणानं सांगते.

वर्षभर पुतण्याला कुणी बोलावलं नाही. तिथं खरी ठिणगी पडली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण वाऱ्याच्या दिशेनं मान वळवणारा. म्हणाले, "म्याडम, हे फुकटातलं हाय म्हणं. लोकं काय म्हणतील? अन् एकाचं दुसऱ्याला कॉपी करून द्यायलात, ही चोरी झाली ना? उद्या चौकशी लागली तर मला हातकडी."

पुतण्याची चोरीची सीडी शिक्क्याच्या बिलावर आली म्हणून पवित्र, आणि ज्यांनी राजीखुशीनं वाटायला दिलंय ते वाटलं की चोरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "सर, हातकडी लागायचीच असेल तर मागच्या बिलांना लागेल. या यंत्रांत जे आहे ते एकूण एक, बनवणाऱ्यांनी स्वतः वाटायला दिलेलं आहे. तुम्ही वाचा, मी उघडून देते." त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, "आन् ते मराठीत कावून केलं? पोरी मागं पडतील." मी म्हटलं, "आतापर्यंत इंग्रजीत कापडाखाली होतं, तेव्हा किती पुढं गेल्या?" यावर त्यांनी चहा मागवला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आठवड्यात निर्णय आला. शाळेतली सगळी यंत्रं केजला हलवायची. पुतण्याच्या क्लासला आता 'आधुनिक केंद्र' असं नाव दिलं होतं. आमच्या मुलींनी तिथं जाऊन शिकायचं. कागदोपत्री खोली आमचीच राहणार होती. मी अध्यक्षांना गाठलं आणि विचारलं, मुली जाणार कशा? ते म्हणाले, "एसटी हाय की." आमच्या गावातून नववीच्या मुलीला एकटीला एसटीनं केजला कोण पाठवतंय, आणि उसाची टोळी निघाल्यावर मागं राहिलेल्या मुलीला कोण नेणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या तीन पिढ्या याच शिवारात गेल्या. त्यांना चांगलं ठाऊक होतं. यंत्रं गेली की त्या मुली परत माउसची चित्रं काढत बसणार होत्या.

खंडेनवमीला यंदा यंत्रांची पूजा न मांडताच टेम्पोत माल भरायचा, असा बेत मला शिपायाकडून कळला. आता आमच्या भागात एक गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. खंडेनवमीला ज्या औजाराची पूजा मांडली, ते त्या दिवशी जागचं हलवायचं नाही. कोयता असो, शिलाई मशीन असो, ट्रॅक्टर असो. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला विसावा. अध्यक्ष स्वतः इतके कडक की त्या दिवशी त्यांची जीपसुद्धा दारातून हलत नाही आणि ते दुसऱ्याच्या गाडीनं फिरतात.

मी मुलींना सकाळी लवकर बोलावलं. त्यांनी खोली सारवल्यासारखी पुसली, रांगोळी घातली, यंत्रांना झेंडू वाहिला आणि पूजा मांडून टाकली, साग्रसंगीत, पेढ्यासकट. अध्यक्ष, पुतण्या आणि टेम्पो आले तेव्हा उदबत्तीसुद्धा अर्धी जळली होती.

पुतण्या आत शिरून वायर काढायला वाकला. मी म्हटलं, "थांब रे. मांडलेली पूजा हाय." तो म्हणाला, "म्याडम, कॉम्प्युटर हाय तो, कोयता न्हाई." मी अध्यक्षांकडे वळले. "साहेब, दरवर्षी तुम्हीच यांना हार घालता. मग हे औजार आहे का नाही, ते तुम्हीच सांगा."

अध्यक्षांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग झेंडूकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. पण मांडलेली पूजा मोडायला त्यांचं मन धजेना. "उद्या," एवढंच बोलून ते बाहेर पडले. मला देवाधर्माचं फारसं नाही. पण जी पूजा इतकी वर्षं त्या यंत्रांना झाकून ठेवायला वापरली, ती एकदा आमच्या कामाला आली, याचा मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

दसऱ्याला गाव शाळेत येतं. लहानांचं पाटीपूजन असतं, मोठे एकमेकांना सोनं द्यायला जमतात. अध्यक्षांनी त्याचाच सोहळा करायचं ठरवलं. उत्तरपूजा झाली, त्यांनी भाषण सुरू केलं की आपल्या लेकींसाठी आधुनिक केंद्र होणार, वगैरे. टेम्पो फाटकात उभा. मी मध्येच म्हटलं, "साहेब, उत्तरपूजा झाली की औजार आधी चालवून बघतात, मग पुढचं." मागून दोन-तीन म्हाताऱ्यांनी "खरं हाय" म्हणून माना हलवल्या. मुली वाटच बघत होत्या. त्या धावत आत गेल्या आणि बटणं दाबली.

लोक खिडक्यांना आले. टोळीबरोबर जाणाऱ्या त्या मुलीची आई पुढं झाली, चपला बाहेर काढल्या आणि लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली. चार दिवसांनी ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात निघणार होती. पोरीला बरोबर न्यायचं की मावशीकडं ठेवायचं, यावरून घरात वाद चालू होता, हे सगळ्या आळीला माहीत होतं. तिनं पडद्याजवळ तोंड नेलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. बोट ठेवून अडखळत वाचू लागली, "उघडा. जतन करा. छापा." मग लेकीकडं बघून म्हणाली, "हे आपल्यातच लिव्हलंय की गं."

पुतण्या दारातून हसला. "मावशे, मराठीत कुटं कॉम्प्युटर असतो का? खरा केजला हाय, इंग्रजीतला."

तिनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. ती अध्यक्षांशी बोलली, पदर सावरून, आवाज जराही न चढवता. "सायेब, आमी इथं नसताव सा-सा म्हैने. आमच्या माघारी पोरीनं ह्या खोलीत यावं म्हनून मी तिला मागं ठिवायलेय. केजला ती जानार न्हाई, तिला उसातच न्यावं लागंल." आणि ती यंत्राशेजारी खाली बसली, मांडी घालून. "आता उचला. बगू कोन उचलतंय ते."

तिच्या बाजूला दुसरी आई बसली. मग तिसरी. खोली भरली तशा काही व्हरांड्यात बसल्या. मुख्याध्यापक आधी इकडं बघत होते, मग तिकडं, आणि शेवटी मला आश्चर्य वाटलं, ते जाऊन त्या बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्षांनी पुतण्याला हातानं जा म्हणून खुणावलं.

मुलींनी फाटकात जाऊन टेम्पोवाल्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. तो त्यांच्याच पाया पडायला लागला तर त्या हसायला लागल्या. मग त्यानं गाडी वळवली आणि रिकामीच केजला नेली.