बिटांची पेटी

माझा धाकटा दीर कधी विचारत नाही, तो जाहीर करतो. नवऱ्याचं वर्षश्राद्ध उरकलं, शेवटची पंगत उठली, आणि तो हात पुसत मागच्या पडवीत शिरला. नाशिक रोडच्या आमच्या रो-हाउसमागे पत्रे टाकून नवऱ्याने तिथे छोटं वर्कशॉप केलं होतं. नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पण सुट्टीचा दिवस लाकूडकामाचा. ड्रिल मशीन, करवती, रंधे, सगळं तिथेच होतं. दिराने एकेक वस्तू उचलून पाहिली.

"वहिनी, हे आता तुमच्याकडं काय कामाचं हाय? नुसता पसारा पडलाय, गंजून जाईल. मळ्यावर लय उपयोग होईल. असं करू, खंडेनवमीला मी येतो. हत्यारांची पूजा करायला घरात गडी माणूस नाय, तर पूजा मी करतो, रात्री राहतो आणि दसऱ्याला पिकअपमध्ये टाकून नेतो."

घर पाहुण्यांनी भरलेलं आणि माझ्या हातात वरणाचं पातेलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणे काय कामाचं! इतकी वर्षं फळीचं दुसरं टोक कोण धरत होतं? शेवटी शेवटी नवऱ्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा तो स्टुलावर बसून मापं सांगायचा आणि ड्रिल मी चालवायचे. स्वयंपाकघरातली मांडणी माझ्या हातची आहे. दीर अजून ती पाहुण्यांना 'दादानं केलेली' म्हणून दाखवतो.

एक गोष्ट मात्र तो खरी बोलला होता. पसारा होता. ड्रिलच्या तोंडात बसवायचे, भोकं पाडणारे सगळे बिट मुखवासाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत कोंबलेले असायचे. एक हवा असेल तर डबा पेपरवर उपडा करायचा आणि तांदूळ निवडतात तसं निवडत बसायचं. एकमेकांवर आपटून त्यांच्या धारा जायच्या. नवऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही, मला फार वाटायचं. मी ठरवलं, बिटांसाठी खणांची पेटी करायची. ज्या वस्तूला घरात ठरलेली जागा असते, ती 'पडलीच आहे' म्हणून कुणी उचलून नेत नाही.

नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ जुन्या पॅकिंगच्या फळ्या मिळतात, त्या आणल्या. रिक्षात फळ्या आडव्या आणि मी पाय पोटाशी घेऊन बसलेली. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, घरी मिस्तरी लावलाय का?" म्हटलं, "मिस्तरी तुझ्या मागेच बसलाय." त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि गिअर टाकला.

पेटीचा सांगाडा झकास झाला. खण करताना मात्र मी माती खाल्ली. सगळा जन्म डब्यांची झाकणं घट्ट बसतात की नाही हे बघण्यात गेलेला, त्याच सवयीने खणांची मापं घेतली. सूतभरही जागा सोडली नाही. खण आत बसले ते इतके बेमालूम, की पोळ्या करता करता मी दोनदा उठून बघून आले. मग भाद्रपदात पावसाची झड लागली, लाकूड फुगलं आणि सगळे खण आतच अडकले. ओढायला मुठीसुद्धा लावल्या नव्हत्या. शेवटी मागची फळी ठोकून काढली आणि पाठीकडून खण ढकलले. त्या दिवशी मी दिराला मनसोक्त शिव्या दिल्या, त्याचा काडीचा संबंध नसताना.

मग खणांच्या कडांवर रंधा मारला, मेणबत्ती घासली, मुठी बसवल्या. प्रत्येक खणात भोकं पाडलेली पट्टी बसवली, म्हणजे एकेक बिट आपल्या भोकात उभा राहील. लाकडाचे वेगळे, भिंतीचे वेगळे. आमच्याकडे कायम हरवलेली असायची ती ड्रिलची चावी, तिला स्वतंत्र खण दिला. आता बोट लावलं की खण सरकतो. मला माझाच इतका अभिमान वाटला की काय सांगू.

खंडेनवमीला लवकर आंघोळ केली. पडवी धुतली, पाटावर सगळी हत्यारं मांडली, मधोमध पेटी ठेवली, झेंडूची फुलं वाहिली. कुंकवाचा करंडा उघडताना क्षणभर थांबले, खोटं कशाला सांगू? नवरा गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. 'लावू नकोस' असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजच नव्हती. पण हे ड्रिल मी चालवते, तर याची पूजा मी नाही तर कोण करणार? बोट बुडवलं आणि ड्रिलला कुंकू लावलं. मग करवतींना, रंध्यांना, पेटीच्या खणांना वरून खाली एकेक करत.

तेवढ्यात दीर आला, हातात नारळ घेऊन. पडवीच्या दारातच थबकला.

"पूजा झाली पण? कोणी केली?"

"मी केली."

त्याने ड्रिलकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं. नारळ ठेवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"वहिनी, काय करून बसल्या हे! विधवेच्या हातचं कुंकू लागलं त्याला. आता ही हत्यारं मी आमच्या घरात कशी नेऊ?"

माझ्या तोंडावर हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता. तो लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. पण तो काय बोलून बसला, हे त्याच्या आधी माझ्या लक्षात आलं.

"मग नका नेऊ, भाऊजी."

सगळ्यात खालच्या खणाला कुंकू लावायचं राहिलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत खाली बसले आणि तेही लावलं.