तिसरा पुकारा

कोर्टात सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. सत्तावीस वर्षं एकच काम. दालनाच्या दारात उभं राहायचं आणि बोर्डावरचं नाव तीनदा पुकारायचं. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचा अर्ज लिहिणारा पेन खाली ठेवायचा.

आणीबाणी लागली आणि परिपत्रक आलं. अटकेतल्या माणसाने सुटकेचा अर्ज खुशाल करावा. फक्त स्वतः हजर राहावं. हजेरी तिसऱ्या पुकाऱ्यानंतर धरायची. असेल, तर सुटका. नसेल, तर अर्ज निकाली. त्याला तुरुंगातून आणायचं कुणी, याबद्दल परिपत्रक गप्प होतं.

पहिल्या दिवशी काकांनी एक्केचाळीस जणांना पुकारलं. एकही आला नाही. जेवायच्या सुट्टीआधीच बोर्ड संपला. काका खुशीत घरी गेले.

"अहो, ती माणसं कोंडलेली आहेत ना?" काकूंनी विचारलं.

"मग? कुलूप मी लावलंय का? मी नुसता पुकारतो."

"छान. परवा धाकट्याचं नाव आहे. त्यालाही नुसतं पुकारा."

धाकटा म्हणजे काकूंचा भाऊ. भूमितीच्या शिकवण्या घ्यायचा. पाचाहून जास्त जणांनी जमायला बंदी होती आणि शिकवणीला सात मुलं होती.

त्या दिवशी काकांनी त्याचं नाव दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. घसा बसला की बसवला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"तिसरा?" न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

काकांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. पुकारा अपूर्ण. उद्या ठेवा."

मग तुरुंगातल्या प्रत्येक नावाला काकांचा घसा तिसऱ्या पुकाऱ्यापाशी बसू लागला. घटस्फोटवाल्यांच्या वेळी मात्र ठणठणीत. साहेबांनी कधी कारण विचारलं नाही. एकदा स्वतःचं गरम पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "फार पिऊ नका."

पाचव्या आठवड्यात वरून एक अधिकारी आला.

"दुसरा कुणीतरी पुकारेल."

"नाही," साहेब म्हणाले. "पहिला पुकारा ज्याचा, तिसराही त्याचाच. जुना नियम आहे."

अधिकाऱ्याने दोन दिवस जुनी पुस्तकं चाळली. नियम खरंच होता. मग त्याने सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल काकांनाच अटक केली. काकांची रवानगी धाकट्याच्या कोठडीत झाली. काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुटकेचा अर्ज टाकला.

आता दारात पुकारायला माणूसच नाही. नोकरभरती बंद. अधिकाऱ्याच्या नाकी नऊ आले. शेवटी तो खूश होऊन म्हणाला, "त्यालाच आणा. स्वतःचं नाव पुकारू दे. स्वतःसाठी घसा उघडला, की मेहुण्यासाठीही उघडावाच लागेल." घसा तपासायला त्याने सोबत डॉक्टर आणला.

काका बेड्यांसकट नेहमीच्या जागी उभे राहिले. बोर्डावर पहिलं नाव त्यांचं, दुसरं धाकट्याचं. बाकावर काकू बसल्या होत्या. काकांनी स्वतःला एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. खाली पेन थांबला.

आणखी एक हाक. मग "हजर" म्हणायचं आणि घरी जायचं.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू आपल्या चपलांकडे बघत होत्या.

काकांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

डॉक्टरने टॉर्च मारून आत पाहिलं. "दिसायला तर चांगला आहे," तो म्हणाला.

"दिसण्याचं इथे काम नाही," साहेब म्हणाले. "लिहा. पुकारा अपूर्ण. उद्या ठेवा. पुढचं नावही उद्याच."

कारकुनाने लिहिलं. काकांना परत नेलं. डॉक्टरही कोठडीपर्यंत सोबत गेला आणि दारात पुन्हा एकदा टॉर्च मारून परतला. काकूंनी शिपायाच्या हातात त्यांचा मफलर दिला.

कोठडीत धाकटा उठून उभा राहिला. "भाऊजी, काय झालं?"

"पुकारा अपूर्ण!" काका म्हणाले. सबंध तुरुंगाला ऐकू गेलं. "सगळ्यांचे अर्ज जिवंत आहेत!"

"हळू, भाऊजी," धाकटा म्हणाला. "डॉक्टर अजून फाटकातच असेल."