सनदेवरचं कुंकू

संग्रहालयात तीस वर्षं मी जुने कागद सांभाळले. कागदांच्या खोलीत पाण्याचा तांब्या कुणाला नेऊ दिला नाही. लोक मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे. खरं कारण भीती होती, आणि ती म्हसावदहून आलेली.

तेव्हा मी शहाद्याला शाळामास्तर होतो. मोडी आणि थोडी फारसी यायची, म्हणून सुट्टीत गावोगाव जुने कागद वाचत हिंडायचो. म्हसावदच्या पाटलांनी बोलावणं धाडलं. भाऊबंदांनी पाटीलकीवर हक्क सांगितला होता, सोमवारी मामलेदारांपुढे सुनावणी होती, आणि घरात पुरावा एकच, मोगलांच्या वेळची सनद. तिची नक्कल करायला सांगून पाटील शेतावर गेले.

त्या कागदाला घरात देवाचा मान. दर दसऱ्याला शिक्क्यावर कुंकू वाहायचं. पिढ्यान्‌पिढ्या साचून शिक्का पार बुजला होता. मला वाचायची घाई. ओल्या कापसाने हलकेच पुसायला लागलो. कुंकू निघालं, खालची अक्षरं क्षणभर लख्ख दिसली, आणि बघता बघता कापूस काळा झाला. काजळाची शाई पाण्याने जाते हे मीच लोकांना सांगत असे. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!

पाटलांना काय सांगू? शिक्का डोळ्यांत ताजा होता, काढता आला असता. बोरू उचललाही. पण एक रेघ चुकली तर सगळी सनदच खोटी ठरेल म्हणून आणखीच घाबरलो, आणि बोरू ठेवून दिला.

वर पाहिलं तर दारात पाटलांची म्हातारी आई. तिने कापूस पाहिला, कागद पाहिला. देव्हाऱ्यातून करंडा आणून तिने शिक्क्याच्या मोकळ्या जागेवर जाड कुंकू लावलं.

"मन्हा पोऱ्याले सांगू नका, मास्तर. त्याना जीव जाई."

सोमवारी पाटील मलाही कचेरीत घेऊन गेले. मामलेदारांनी सनद उलटसुलट केली. "शिक्का कुठाय? पुसा हे."

"पूजानं कुंकू शे, साहेब. कसं पुसू?" पाटील हात जोडून म्हणाले. "मास्तरनी वाचेल शे."

मामलेदार माझ्याकडे वळले. "तुम्ही स्वतः शिक्का पाहिलात?"

"पाहिला," मी म्हणालो.

पाटीलकी टिकली. कचेरीबाहेर पाटलांनी माझ्या पायांवर पागोटं ठेवलं, तसा मी मागे सरकलो. खोटं बोललो नव्हतो. तो शिक्का पाहिलेला शेवटचा माणूस मीच होतो.