भिंतीमागचा बाप

त्याला सगळे पाचर म्हणत. सुतारकाम त्याचं. बायको गेल्यावर एकट्यानं लेक वाढवली. तोंडानं कमी बोलायचा, त्याचा रंधा जास्त बोलायचा.

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेचं घर उभं करायला त्याला बोलावलं. गोष्ट एकट्या बापाची आणि त्याच्या लेकीची. दिग्दर्शकानं पाचरची तोंडाळ पोर पाहिली आणि लेकीचं काम तिलाच दिलं. बाप झाला एक नावाजलेला नट. लेकीनं उलट उत्तर द्यायचं, नटानं थप्पड मारायची, समोर बसलेल्या लोकांनी पोट धरून हसायचं.

थप्पड अर्थातच खोटी. हात गालापासून वीतभर लांबून फिरायचा. आवाजासाठी प्लायवूडच्या भिंतीमागे पाचर उभा. लाल दिवा लागला की दोन फळ्या एकमेकींवर हाणायच्या.

"दणकून रे पाचर! पोरगी तुझी म्हणून हात आखडू नकोस!" दिग्दर्शक ओरडे. तो हसून दणका देई.

मालिका काही चालेना. जे हसत ते पोरीच्या बोलण्याला हसत. नटाचं तोंड आंबत चाललं.

एकदा तो दिवाच बिघडला. इशारा दिसावा म्हणून पाचरनं गिरमिटानं भिंतीला भोक पाडून डोळा लावला. हात फिरला, फळ्या वाजल्या, आणि त्या आवाजाआड नटाचा पंजा पोरीच्या गालावर बसला. तिचा ओठ फाटला. लोक हसले.

पाचर दारानं गेला नाही. आपणच बांधलेली भिंत त्यानं खांद्यानं फोडली. हातातल्या फळीचा पहिला घाव नटाच्या नाकावर पडला, हाड मोडलं. लोकांना वाटलं, हाही खेळच. ते आणखी हसले. दुसरा घाव जबड्यावर, मग बरगड्यांवर. रक्तानं माखलेला दात पुढच्या रांगेत येऊन पडला, तेव्हा कुठे हसू थांबलं. चौघांनी मागे ओढलं तरी त्याच्या लाथा चालूच होत्या.

मग तो पोरीकडे वळला. ओठ पुसायला हात नेला, तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कधीपासून मारत होता गं?"

"पहिल्यापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला ठाऊकच होतं ना, बाबा? आवाज तर तुम्हीच काढत होता."

त्यानं नटाला घातलेला एकही घाव या वाक्याइतका खोल गेला नव्हता.

मालिका तिथंच बंद पडली. नट काठी टेकत चालू लागला, पाचर तुरुंगात गेला. पोर आत्याकडे वाढली.

तो सुटला तेव्हा फाटकाशी आत्या आणि पोर उभ्या होत्या. पोर उंच झाली होती, ओठावर पांढरी रेघ.

"दाढी पार पिकली तुमची," एवढंच ती म्हणाली.

समोर गाड्यांचा लोंढा. तिला पलीकडे न्यायला त्यानं हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

पाचरनं हात मागे घेतला, आणि टोक सुटू नये म्हणून अगदी हळूहळू रस्ता ओलांडला.