दावण नंबर सव्वीस, शाळेची खबर

आमच्या घरात एक गोष्ट कुणी करायची नव्हती. चारचौघांत उभं राहून, हाळी देऊन गावाला काही सांगायचं नाही. माझे आजोबा गावचे येसकर. अंमलदार आला, कुणाचं जनावर हरवलं, सारा भरायची वेळ झाली, की गळ्यात डफडं अडकवून त्यांनी गल्लोगल्ली दवंडी द्यायची, आणि दिवस मावळला की त्याच गल्ल्यांतून भाकरी मागत फिरायचं. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला, त्या साली आजोबांनी ते डफडं चुलीत घातलं. वडील तेव्हा लहान होते. कातडं जळाल्याचा वास दोन दिवस घरात होता असं ते सांगायचे, आणि तो वास त्यांना आवडला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

पुढे वडील एसटीत कंडक्टर झाले आणि मी मास्तरीण. गावातल्याच सातवीपर्यंतच्या शाळेत माझी बदली झाली, तोवर ते रिटायर होऊन दोन म्हशी सांभाळत बसले होते. येसकराची नात गावच्या पोरांना शिकवणार, हे काहींना खटकलं. खटकलं तर खटकलं. त्यांची पोरंही पाढे माझ्याकडेच शिकली.

मग तो दुष्काळ आला. टँकर यायचा तो चार दिवसांआड. कडब्याची पेंडी बघायलाही मिळेना, तेव्हा गावच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली. शेडनेट बांधून ओळीनं दावणी मारल्या, प्रत्येक दावणीला नंबर दिला, आणि सगळा गाव आपली जनावरं घेऊन तिथं राहायला गेला. घरी म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं, माळावर आईबाप. आमच्या दोन म्हशीही तिथंच होत्या, आणि त्यांच्याजवळ बाजेवर वडील. छावणीत माणसाला नाव उरत नाही. तुम्ही दावण नंबर अकरा किंवा दावण नंबर चाळीस. भोंग्यावरून नंबर पुकारला की पाटी घेऊन पेंड न्यायला पळायचं.

त्या वर्षी माझ्या सातवीत बावीस पोरं होती, त्यांत नऊ मुली. सातवीनंतरची शाळा आठ किलोमीटरवर, आणि ती होती सोसायटीच्या चेअरमनची. पोरगे कसेही जात, कुणाच्या तरी मोटरसायकलवर लटकून. मुलींची नावं मात्र सातवीतच कटायची, आणि कटली की वर्षा-दोन वर्षांत अक्षता पडायच्या. आमच्याच शाळेला आठवीचा वर्ग मिळण्यासारखा होता. त्यासाठी पालक सभेत निम्म्याहून जास्त पालकांनी हजर राहून ठराव करायला हवा होता. सभा मार्चमध्ये एकदाच व्हायची. पालक आले नाहीत तर विषय संपला, असं वरून लेखी आलं होतं.

दावण सव्वीसची एक पोरगी होती. फळ्यावर गणित लिहून होण्याआधी उत्तर सांगायची आणि वर मलाच म्हणायची, म्याडम, तुमचा तीन चुकला. तिच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. सातवी झाली की उरकून टाकू, असं तिची आजी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होती. त्या पोरीचं पुढचं आयुष्य त्या एका सभेवर अडकलं आहे हे मला ठाऊक होतं आणि माझं डोकं सणकत होतं.

मी हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, पालकांना कळवायचं कसं? ते म्हणाले, कळवलं की. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. सूचना खरंच टाकली होती, खाली त्यांनी स्वतःच अंगठा दिला होता. माळावर वीज नव्हती, भोंगा तेवढा बॅटरीवर चालायचा, बहुतेकांकडे बटणांचे फोन, तेही चार्जिंगविना मेलेले. हे मी बोलले तर ते म्हणाले, मग आपण काय करणार. आणखी दोन वर्षांनी ते रिटायर व्हायचे होते, आणि चेअरमनशी वाकडं घेऊन पेन्शनीला जाण्यात त्यांना शहाणपण दिसत नव्हतं.

मी पोरांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीसची पोरगी रडवेली होऊन आली. चिठ्ठी वासरानं खाल्ली होती. मी हसले, मग चौकशी केली तर सात चिठ्ठ्या अशाच गेल्या होत्या. दुष्काळात जनावर कागद सोडत नाही. ज्या उरल्या, त्या वाचणार कोण? आईनं बापाकडे दिल्या, बापानं टोपीत खोचल्या, आणि टोपी घामानं भिजली.

पुन्हा हेडमास्तरांकडे गेले. छावणीच्या भोंग्यावरून सांगू का, म्हणून विचारलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसून म्हणाले, "सांगा की. दवंडी द्यायचं काम तुमच्या घराण्याला नवीन हाय का?"

शिपाई खाली मान घालून हसला. मला आजही त्या हसण्याचा राग आहे. तेव्हा मी एवढंच म्हणाले, सर, परवानगी दिलीत ना? मग झालं. शब्द त्यांचाच होता, मी तो खाली पडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी छावणीवर गेले. मंडपात भोंगा चालवणारा माणूस माझा जुना विद्यार्थी, त्यानं माईक दिला. वडील समोरच बाजेवर होते. मी कागद काढला आणि सरकारी थाटात वाचलं: सर्व पालकांना कळविण्यात येते की, येत्या सोमवारी सर्वांनी उपस्थित राहावे. वाचून होत नाही तोच तीसेक बाया पाट्या घेऊन धावत आल्या. भोंगा वाजला म्हणजे पेंड, एवढंच त्यांना माहीत. पेंड नाही म्हटल्यावर त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वडील बाजेवरून उठले आणि म्हशींना पाणी पाजायला निघून गेले. संध्याकाळी घरी भाकरी न्यायला आले ते उंबऱ्याबाहेरूनच घेऊन गेले.

चूक माझीच होती. 'सर्व पालक' नावाचा माणूस त्या माळावर कुणीच नव्हता. तिथं नंबर होते. मग मी कागद फेकला आणि रोज सकाळी नंबर पुकारायला लागले. दावण अकरा, तुमच्या लेकानं काल कवायतीत पहिला नंबर काढला. दावण चाळीस, तुमचा पोरगा तीन दिवस शाळेत नाही, तो बोरं पाडत फिरतोय. दावण नऊ, तुमच्या मुलीनं भिंगातून मुंगी बघितली आणि तिचं चित्र काढलंय, या आणि बघा. दावण सव्वीस, तुमच्या पोरीनं काल माझी चूक काढली, आणि ती बरोबर होती.

चार दिवसांत सगळं फिरलं. माणसं पेंडीचा नंबर चुकवतील पण शाळेचा नाही, अशी गत. चाळीस नंबरवाल्यानं पोराला कान धरून शाळेत आणून घातलं. एक आजी तर भांडायलाच आली, की आमच्या दावणीचं काहीच कावून सांगत न्हाई, आमचं पोरगं काय बिनकामाचं हाय का? त्या पोरानं खरंच काही केलं नव्हतं. मी त्याला झाडं मोजायला लावली आणि दुसऱ्या दिवशी तेही सांगितलं. प्रत्येक खबरीच्या शेवटी एकच वाक्य असायचं: सोमवारी अकरा वाजता शाळेत या, नाहीतर मुलींची आठवी गेली.

चेअरमनच्या कानावर हे जाणारच होतं. रविवारी सकाळी गेले तर माईक कुलपात. वर नवा हुकूम: सोमवारी अकरा वाजता जनावरांची मोजणी, मालक दावणीला नसेल तर जनावराचं नाव छावणीतून कटेल. अकरा वाजता म्हणजे अकरा वाजताच. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचीही त्यानं तसदी घेतली नव्हती.

मी मंडपाबाहेर दगडावर बसले. रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. माणसं लांबून बघत होती. जनावर की पोरगी, असं कोडं घातल्यावर त्या माळावर कोण काय निवडणार हे मला कळत होतं, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नव्हती.

तेव्हा वडील आले. बंडीच्या खिशातून त्यांनी तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला. डेपोत तिकिटाची मशीन आली तेव्हापासून तो त्यांच्याकडेच होता. घरी कधीकधी ते उगाच तो वाजवत बसायचे. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला हे आवडत नाही, माहीत आहे मला. ते म्हणाले, "तुजा आजा दुसऱ्याचा हुकूम सांगत व्हता, माय. ते त्यानं जाळलं, बरं केलं. ही आपली खबर हाय. ही सांगायला कुणाच्या बापाची भाकरी खाल्ली न्हाई आपण."

आणि ते पहिल्या दावणीच्या खांबावर चिमटा वाजवत निघाले. टक टक, टक टक. जन्मभर एसटीनं फिरलेली माणसं, तो आवाज ऐकून सवयीनंच मान वर करायची आणि काहींचा हात खिशाकडे जायचा. वडील ओरडले नाहीत. दोन ओळींच्या मधून, गाडीत फिरावं तसे, एकेका दावणीपाशी थांबून हलक्या आवाजात बोलत गेले. मी मागून चालत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. मोजणीला मालक लागतो, मालकीण शाळेला जाऊ दे. एका दावणीचं एक माणूस इथं, एक तिथं. चेअरमननं मालक म्हटलंय, सगळं घर म्हटलेलं नाही. कायद्यातली फट शोधणं कंडक्टरला कुणी शिकवावं लागत नाही. उन्हं तापेपर्यंत सगळ्या दावणी झाल्या.

सोमवारी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात बायाच बाया. काहींच्या डोक्यावर अजून पेंडीचा भुसा होता. हेडमास्तर व्हरांड्यात आले, गर्दी बघून घाबरले आणि पुरुष मंडळी कुठे आहेत असं विचारू लागले. दावण नऊची बाई म्हणाली की ते म्हशीपाशी बसलेत, चेअरमनचाच हुकूम हाय. बाया हसल्या. आता हेडमास्तरांना खाली मान घालायची पाळी आली.

मी सभेचं रजिस्टर मागितलं. ते देईनात. मी त्यांच्या टेबलावरून उचललं. त्या दिवसाच्या तारखेखाली सभेचा अहवाल आधीच लिहून तयार होता, सहीसकट. सव्वीस नंबरची आई पुढे आली, तिला अक्षरओळख नव्हती. म्हणाली, वाचा. मी मोठ्यानं वाचलं: वारंवार कळवूनही पालक अनुपस्थित राहिले, सबब आठवीच्या वर्गाची मागणी नाही.

तिनं रजिस्टरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि हेडमास्तरांकडे बघत विचारलं, "आमी हितं उभ्या हाव. मग न्हाईत म्हणून कावून लिवलं?"

मी त्या पानावर आडवी रेघ मारली, खाली ठराव लिहिला आणि शाईचा पॅड मधोमध ठेवला. पहिला अंगठा सव्वीस नंबरचा. तिच्या मागे तिची पोरगी उभी होती. ती सह्या मोजत होती, आणि निम्म्याच्या वर एक झाली तेव्हा तिनंच मला सांगितलं, म्याडम, झालं.

मोजणीत एकही जनावर कटलं नाही. मला मात्र आठवडाभरात मेमो आला. पालकांना परस्पर माहिती का दिली, याचा खुलासा करावा. मी तो घरी आणून वडिलांना वाचून दाखवला. तोंडी परवानगी दिल्याचं हेडमास्तरांनी साफ नाकारलं होतं, शिपायाला काही आठवत नव्हतं. नोकरी जाते की काय, अशी धाकधूक होतीच, नाही म्हणणं खोटं ठरेल. वडिलांनी मेमो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि खिशातला चिमटा काढून त्याला मधोमध भोक पाडलं.

"आता हे पुन्हा चालायचं न्हाई," ते म्हणाले.

त्याच भोक पडलेल्या कागदाच्या पाठीवर मी खुलासा लिहिला. पालकांना माहिती दिली, कारण मुलं त्यांची आहेत. खाली सही केली आणि तस्साच पाठवला. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. ठराव वर गेला आणि वर्ग मंजूर झाला. जूनमध्ये आठवीच्या पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली तेव्हा छावणी मोडली होती आणि दावणींचे नंबर गेले होते. मी नावानं पुकारलं. नऊच्या नऊ मुलींनी हजर म्हटलं, आणि दावण सव्वीसच्या पोरीनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.