आत्याला दिसलेला हात

नवऱ्याला माहीत नाही, मैत्रिणींना नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि कुठून सुरुवात करावी तेही कळत नाहीये.

मी हिंजवडीत नोकरी करते आणि छोट्या, स्वतंत्र सिनेमांवर लिहिते. आसामी, मल्याळी, कोकणी — थिएटरला आठवडाभरही न टिकणारे. लोक म्हणतात, तुमची नजर विलक्षण आहे. नजर! हा शब्द ऐकला की अजून मी विषय बदलते.

माझी आत्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासायची. ती निवृत्त झाल्यावर मी तिला फिल्म क्लबच्या रविवारच्या खेळांना नेऊ लागले. इंग्रजी सबटायटल तिला वाचता येत नाहीत. म्हटलं, कंटाळेल बिचारी.

एकदा आसामी सिनेमा होता. पुरातून वाचलेली एक बाई, नदी, होडी, चार वाक्यं. मला संथ वाटला — खरं सांगू? मधेमधे मी फोन बघत होते. परतताना बसमध्ये आत्या म्हणाली, "तिचा उजवा हात कामातून गेलाय गं."

"कुणाचा?"

"त्या बाईचा. पुराआधी दोराची गाठ उजव्या हाताने मारायची. नंतर सगळं डाव्याने. आणि घरात कुणाला सांगितलंच नाही तिने. भात वाढतानासुद्धा हात पदराआड."

दोन तास मी पडद्याची खालची ओळ वाचत होते, आणि हिने अख्खी बाई पाहिली होती! एका अक्षराशिवाय. सिनेमा संपून तास झाला होता, आणि मला तो आत्ता दिसत होता — त्या गर्दीच्या बसमध्ये.

घरी पोचल्या पोचल्या लिहून काढलं. 'माझ्या लक्षात आलं', असं लिहिलं. माझ्या.

लेख गाजला. महिन्याभराने दिग्दर्शिका पुण्यात आली. भरल्या हॉलमध्ये तिने विचारलं, "इतक्या गावांत सिनेमा दाखवला. तो हात एकाच व्यक्तीला दिसला. कोण ते?"

आत्या माझ्या शेजारीच बसली होती. नुसतं बोट दाखवायला कितीसा वेळ लागतो?

मी उभी राहिले.

टाळ्या झाल्या. आत्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. का केलं मी असं? तिच्या साध्या साडीची लाज वाटली? की टाळ्या हव्या होत्या? कारणं शोधली तर सापडतील — पण ती घेऊन मी तुमच्याकडे आलेली नाही.

त्यानंतर सात वर्षं हेच. कधी एखाद्या म्हाताऱ्याची पाठ, कधी चुलीपुढे मधेच थांबलेली मान — ती बसमध्ये सांगायची, मी ऐकायचे. आणि लिहायचे. त्यात तिचं नाव का नाही, हे तिने एकदाही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्या लेखांचं पुस्तक आलं. अर्पणपत्रिकेत मी छापलं — 'सिनेमाला सोबत येणाऱ्या आत्यास'. तिने चष्मा लावून ओळ वाचली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"मला कशाला घातलंस गं पुस्तकात? मी आपली नुसती बसायचे."

"असू दे गं आत्या," मी म्हटलं. "तेवढा तुझा हक्क आहे."

तेवढा — असं म्हणाले मी.