हिरवा दिवा

कांबळेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवरून नख फिरवत. यजमान ‘या, बसा’ म्हणत असायचा आणि हे वाकून रंगाचा पोपडा उचकटत असायचे. “कोणी मारलाय हा रंग? खाली धूळ तशीच ठेवलीय गाढवाने!” न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हट गावातल्या निम्म्या मराठी घरांचे रंग त्यांनी असे चहा यायच्या आत नापास केले होते. आमच्या बाथरूमचं दार मी स्वतः हौसेने रंगवलं होतं. त्यावर ते इतकं बोलले की बायको म्हणाली, “या माणसाला पुन्हा बोलावू नकोस.” पुढच्या शनिवारी ते न बोलावताच आले, सँडपेपर आणि ब्रश घेऊन. दिवसभर खपून दार नवं करून दिलं, आणि जाताना मला पुन्हा एकदा झापलं.

आम्ही दोघं एकाच शेडमध्ये कामाला होतो. पुलांचे आणि बंदरातल्या धक्क्यांचे लोखंडी भाग तिथे यायचे. बारीक छऱ्यांचा मारा करून ते स्वच्छ करायचे आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला पुरून उरेल असा रंग त्यांच्यावर फवारायचा, हा आमचा धंदा. काका फवारणारे. अंबरनाथच्या कारखान्यात उमेदीची वर्षं हेच काम करून इथे आलेले. मी पुण्याचा ऑटोमेशन इंजिनिअर. पंप, पंखे, भट्टी ज्या पॅनलवरून चालतात, त्याचा प्रोग्राम माझ्या ताब्यात. सकाळी शेडमध्ये शिरताना काका एकेकाला हात उंचावून ‘किआ ओरा’ म्हणत, तो इथला माओरी नमस्कार. माझ्यापाशी आले की म्हणत, “जयभीम, इंजिनिअर.” तीस माणसांच्या शेडमध्ये तो जयभीम एकट्या माझ्या वाट्याचा होता आणि मला त्याचा माज होता.

शेडमध्ये त्यांचं नाव मिस्टर मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंगाच्या थराची जाडी त्यात मोजतात. ‘थोडा’, ‘साधारण’, ‘जरासा’ या शब्दांनी काकांचं डोकंच फिरायचं. कोणी म्हणालं, इथे जरासा पातळ झालाय, की लगेच, “जरासा म्हणजे किती? आकडा सांग, नाहीतर तोंड बंद ठेव.” हे घरीही चालायचं. काकू म्हणायच्या, “थोड्या वेळाने वाढते.” हे आतून ओरडायचे, “थोड्या म्हणजे किती?” काकू गेल्या त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना ‘काही महिने’ असं सांगितलं होतं. त्या डॉक्टरांनाही काकांनी हाच प्रश्न विचारला होता, फक्त त्या वेळी आवाज चढला नव्हता.

हट व्हॅलीतल्या हिवाळ्यात सकाळी लोखंडावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. त्यावर रंग मारला तर वर्षभरात सालपटासारखा निघतो. त्यासाठी मीटर असतं, काका तेही लावायचे, पण त्याआधी हाताची पाठ लोखंडाला टेकवायचे. “घाम आलाय त्याला. पुसून, वाळवून, मग बघू.” प्रॉडक्शन मॅनेजर येऊन म्हणायचा, “शील बी राइट, मेट,” म्हणजे चालतंय, होईल नीट. काका रंग फवारायची बंदूक खाली ठेवून बाकावर बसायचे आणि मराठीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मॅनेजरला एक अक्षर कळायचं नाही, पण अर्थ पोचायचा.

त्या बंदुकीवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. तिच्या तोंडाशी बसणारे धातूचे छोटे टिप ते जुन्या चष्म्याच्या डबीत फडक्यात गुंडाळून ठेवत आणि ती डबी घरी नेत. “टिप झिजला की फवारा खोटं बोलायला लागतो,” म्हणायचे. बंदूक आणि पाइप धुतल्याशिवाय त्यांनी कधी डबा उघडला नाही. आम्ही जेवून हात धुवायचो, तेव्हा हे हात धुऊन जेवायला यायचे.

आणि त्यांची ती कागदाची पट्टी! फवारणीच्या बंद खोलीत एका भिंतीला फिल्टर असतात आणि त्यांच्या मागे मोठा पंखा. हवेतला रंगाचा धूर पंख्याने ओढून न्यायचा आणि फिल्टरने अडवायचा. काका रोज सकाळी टॉयलेट पेपरची वीतभर पट्टी फाडून फिल्टरवर धरत आणि सोडून देत. चिकटून राहिली तर पंखा नीट ओढतोय. खाली पडली तर फिल्टर तुंबलेत. मी आल्यावर या गोष्टीला हसलो होतो. मग मीच तिथे हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवला. हवा ओढली जात नसेल तर बंदूक चालणारच नाही आणि फवारणी संपून खोली स्वच्छ झाली की बाहेरच्या पॅनलवर हिरवा दिवा लागेल, असा प्रोग्राम लिहिला. हिरवा दिवा लागला की तोंडावरचा हवेचा मास्क काढायला हरकत नाही, हा शेडचा नियम झाला. काकांनी पट्टी धरली, दिवा बघितला, पुन्हा पट्टी धरली. आठवडाभर दोन्हींचं उत्तर एक आलं, तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आपल्या पोराने केलंय, म्हणजे पक्कं.”

आता पुढचं लिहिताना मला राग येतो, आणि तो कोणाकोणावर करू हे मला अजून ठरवता येत नाही.

त्या हिवाळ्यात फिल्टर संपले. नवे बोटीवर होते. ऑकलंडहून चार दिवसांत मिळाले असते, पण ते मागवायचे कष्ट कोणाला नको होते. जुने फिल्टर तुंबले आणि माझ्या सेन्सरने बंदूक बंद पाडली. समोर एका पादचारी पुलाचं काम अडून बसलेलं. मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. “जस्ट बायपास इट. कपल ऑफ डेज. स्वीट ॲज?” माझ्या रेसिडेन्सीची फाइल तेव्हा याच कंपनीच्या पत्रावर उभी होती. मीही ‘स्वीट ॲज’, म्हणजे चालेल, म्हणालो. प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली: हवा नेहमी ठीक समजावी. बंदूक सुरू झाली. हवा नेहमी ठीक, म्हणजे हिरवा दिवाही रोज वेळेवर लागायला लागला. तो लाल ठेवायला मला अजून एक ओळ लिहावी लागली असती. मी ती लिहिली नाही. लाल दिवा दिसला असता तर काकांनी काम थांबवलं असतं, हे मला ठाऊक होतं. हे मी आज पहिल्यांदा असं सरळ लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची पट्टी खाली पडली. ते बाहेर आले, पॅनल बघितलं आणि मला हाक मारली. “इंजिनिअर, पट्टी पडतेय रे.” मी म्हणालो, “कागद दमट असेल, काका. दिवा हिरवा आहे ना?” त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बरोबर. हवाच ओली आहे सध्या,” म्हणाले आणि आत गेले. जगातल्या कोणत्याही मशीनवर विश्वास न ठेवणारा हा माणूस त्या दिवशी हातातल्या कागदावर अविश्वास दाखवून माझ्यावर विश्वास ठेवून बसला. मला त्याचाही राग येतो. काका, चौकटीला नख लावल्याशिवाय तुम्ही कोणाच्या घरात पाऊल टाकत नव्हतात, मग माझ्याच दिव्याला नख का नाही लावलंत?

फवारून झालं की ओल्या रंगाची जाडी लगेच मोजायची असते. फणीसारखी छोटी पट्टी रंगात टेकवायची आणि कोणता दात भिजला ते पाहायचं. मास्कच्या काचेवर रंगाचे थेंब बसलेले, त्यातून तो दात दिसत नाही. इतर जण अंदाजाने आकडा सांगत. काका हिरवा दिवा लागायची वाट बघत, मास्क काढत, चष्मा लावत आणि फणीवर वाकत. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे वीस. बोट लांबली, सगळे विसरले, मीही विसरलो असं स्वतःला सांगत राहिलो. त्या खोलीत न दिसणारा धूर तरंगत होता. रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये जे रसायन असतं, ते एकदा छातीला लागलं की पुढे त्याचा वाससुद्धा माणसाला सोसत नाही.

आधी खोकला आला. मग एका सकाळी ते बाकावर बसले आणि श्वास घेताना त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. हॉस्पिटलमधून परत आले ते कायमचे बाद होऊनच. रंगाजवळ पुन्हा जायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कंपनीने केक कापला, एक कार्ड दिलं. गरज सरो, वैद्य मरो. काका मुलीकडे, ऑकलंडजवळ पापाकुराला राहायला गेले. जाताना चष्म्याची ती डबी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “टिप चांगले आहेत. कोणाला तरी दे जो धुवेल.”

खरा नीचपणा त्यानंतर झाला. हा आजार कामामुळेच झाला, हे भरपाई देणाऱ्या सरकारी खात्याने मान्य करावं म्हणून काकांच्या मुलीने, स्मिताने, अर्ज केला. कंपनीने उत्तर पाठवलं, सोबत माझ्याच पॅनलच्या नोंदी. रोज हवा ठीक, रोज दिवा हिरवा. म्हणजे मास्क काढण्यात चूक असेल तर ती पेंटरची, किंवा त्याच्या तरुणपणीच्या विड्यांची. चोर सोडून संन्याशाला फाशी! मॅनेजर मला वाटेत भेटून म्हणाला, “युअर सिस्टिम सेव्ह्ड अस, मेट.” त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी मान हलवली. घरी आलो आणि बाथरूमच्या त्या दारासमोर किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. एकही पोपडा निघालेला नव्हता.

शेवटी जबानी लिहिली. स्मिताला फोन केला, विमान पकडलं आणि पापाकुराला गेलो. काका खिडकीपाशी बसले होते, हाताशी इनहेलर. घर रिकामं असावं असं शांत. नात आतून ओरडली, “आजोबा, डोन्ट गेट अप!” तरी ते उठले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाच्या चौकटीकडे न बघता उभं राहिलेलं पाहिलं. त्यांच्या छातीपायी आता घराला नवा रंग द्यायची सोयच उरली नव्हती.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि मग कागद वाचायला घेतला. ‘मॅनेजरच्या सांगण्यावरून मी सेन्सर काही दिवसांसाठी बायपास केला...’

“काही म्हणजे किती?”

आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. मी कागदावरून नजर उचलली.

“इंजिनिअर, आकडा सांग.”

“सव्वीस.”

“लिही सव्वीस.” त्यांनी दोन श्वास घेतले. “बायपास केलास. नोकरी वाचवलीस. ते एक वेळ समजतं मला. दिवा का हिरवा ठेवलास?”

“लाल असता तर तुम्ही काम थांबवलं असतंत.”

“हेही लिही.”

मी त्यांच्याच पेनाने, त्यांच्यासमोर लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, फणीचे दात बघायचे तसा. मग घडी न घालता स्मिताच्या हातात दिला.

त्या कागदाने त्यांचा अर्ज मंजूर झाला. माझी नोकरी गेली. फाइलचं काय व्हायचं ते होईल, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. सव्वीस दिवस आणि वर पाच महिने उशिरा केलेल्या कामाला कोणी चांगलं म्हणू नये.

त्या दिवशी निघताना काका भिंतीला धरत दारापर्यंत आले. मी बूट घातले, मागे वळून म्हणालो, “जयभीम, काका.”

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. मग त्यांनी शेडमधल्या इतर अठ्ठावीस माणसांना करायचे तसा हात उंचावला.

“किआ ओरा,” म्हणाले, आणि दार लावून घेतलं.